आईच्या वतीने

थोरल्याने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, हा त्याचा धंदा. निवृत्त झाला, तरी सवय गेली नाही. घरात सगळ्यांच्या वतीने तोच घाबरायचा आणि सगळ्यांच्या वतीने तोच बोलायचा.

आईला एकोणनव्वदावं लागलं होतं. पाळी जाऊन जमाना लोटला, आणि तिला पुन्हा रक्त जायला लागलं. तिने महिनोन् महिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. आपले कपडे आपणच धुऊन टाकायची. शेवटी सुनेच्या लक्षात आलं. तपासण्या झाल्या आणि गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. थोरल्याच्या पायाखालची जमीन सरकली. आईला त्याने ‘आत जरा सूज आहे’ एवढंच सांगितलं आणि मनाशी ठरवून टाकलं, या वयात कापाकापी नाही.

हॉस्पिटलच्या दारातच त्याने चाकांची खुर्ची मागवली.

"अरे, मी चालते की," आई म्हणाली.

"बस गुपचूप. आत खूप लांब आहे."

सर्जनबाईंनी आधी खुर्ची पाहिली, मग फाइल. "आजी, घरात चालता येतं का?"

"कुठलं हो! धरून न्यावं लागतं," थोरला म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. धरायचा तोच, तिने न सांगता.

"जिना?"

"छे, नावच नको."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग भूल झेपणार नाही. गोळ्यांवर ठेवू. आजार दबून राहील, जाणार नाही."

थोरल्याचा जीव भांड्यात पडला.

"आणि जायचा असेल तर?" आईने विचारलं.

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"कॅन्सर आहे ना? त्याने सांगितलं नाही मला. पण त्याच्या तोंडावर सगळं छापलेलं असतं, लहानपणापासून." आई खुर्चीतून उठली. कशाला न धरता. "काय रे, इतके महिने मी ते कपडे वाळत कुठे घालत होते? गच्चीवर. तू दुपारी घोरायला लागलास की."

दोन जिने होते गच्चीला.

मग बाईंनी तिला बाहेरच्या बोळातून चालवलं, जिना चढायला लावला, नाडी पाहिली, बरंच काही विचारलं. थोरल्याला मध्ये बोलायची बंदी होती; त्याने दोनदा मोडली. परत येऊन बाई म्हणाल्या, "गाठ अजून पिशवीच्या आतच आहे. लहान छिद्रांतून पिशवी काढता येईल. आधी हृदय तपासू, भूलतज्ज्ञ पाहतील. धोका आहे, तो मी लपवणार नाही. काही दिवस डोक्यात गोंधळही उडू शकतो. पण बरं व्हायची आशा चांगली आहे. वयावरून मी नाही म्हणणार नाही."

"आणि उठलीच नाही तर?" थोरल्याचा आवाज चिरकला. "मी हो म्हणायचं, आणि ती उठलीच नाही तर?"

"तुम्ही का म्हणायचं?" बाई शांतपणे म्हणाल्या.

थोरला आईकडे वळला. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाला हा प्रश्न विचारायचा कसा, तेच कळेना.

"आई, तुला काय करायचंय?"

तो थांबला. थांबणं त्याला फार जड गेलं.

"भीती वाटते रे," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "पण करूया."

‘मग नको’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आई काय म्हणतेय, ते ऐकलंत ना?"