खूनी तबेल्यातली कवळी

घाबरू नका मित्रांनो, मी चावत नाही. नुसती दिसते तशी. मी एक जुनी कवळी आहे, पण तुमच्या आजोबांच्या वाटीतली साधीसुधी कवळी समजून माझ्याकडे पाहू नका हं! मी बैलाची कवळी आहे. माझ्या दोन्ही टोकांना बोटभर लांब, वाकडे सुळे आहेत. एका सुळ्याचं टोक तुटलेलं आहे. ते कसं तुटलं हे सांगताना माझा जीव अजून कापतो. तरी सांगते, कारण सांगितलंच पाहिजे.

चाळीसेक वर्षांपूर्वी वाशीमच्या बाजारात लखमा नावाचा दात बसवणारा बसायचा. पुढ्यात पांढरं फडकं, फडक्यावर ओळीनं मांडलेले दात. एके दिवशी त्याच्याकडे मुंबईची सिनेमावाली मंडळी आली आणि म्हणाली, बैलाचे दात करून पाहिजेत. लखमा हसता हसता स्टुलावरून पडायचाच राहिला.

"अरे बापा, आजवर मानसाचेच बसवले म्या. बैल मले तोंड उघडून देईन काय?"

बैलानं तोंड उघडून दिलं. शेलूबाजारजवळच्या एका वस्तीवरच्या गोविंदसिंगांचा तो बैल. शेऱ्या त्याचं नाव. अंगानं डोंगर, पण स्वभावानं इतका गरीब की कोंबड्या त्याच्या पाठीवर बसून डुलक्या घेत.

आता एक गोष्ट नीट ऐका. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जन्मापासूनच नसतात. वर नुसती टणक हिरडी, पुढचे दात सगळे खाली. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं, कारण बाजारात बैल घेताना आधी त्याचं तोंड उघडतात. दोनदाती, चारदाती, सहादाती असं पाहून वय ठरवतात. तोंडात हात घातल्याशिवाय आमच्याकडे बैलाचा सौदाच होत नाही. त्या रिकाम्या वरच्या हिरडीवर लखमानं मेण दाबलं, साचा घेतला आणि आठ दिवसांत मला घडवलं.

सिनेमाचं नाव होतं 'खूनी तबेला'. जमीनदाराच्या तबेल्यात एक वटवाघूळ शिरतं, जनावरांना चावतं आणि मग ती जनावरं अमावस्येला माणसांचं रक्त प्यायला निघतात, अशी कथा. ज्याला चावलं तोही तसाच होतो. खर्चाला हात इतका आखडता की वटवाघूळ म्हणजे जुन्या छत्रीचं कापड तारेला बांधलेलं. एक रक्तपिपासू बकरी होती. तिला कणकेचे दात लावले, ते तिनं दोनदा खाऊन टाकले. कोंबड्याच्या चोचीत दात बसेनात, म्हणून त्याला नुसते लाल डोळे दिले. एका गाढवालाही घेतलं होतं, पण कॅमेरा सुरू झाला की ते शेपूट फिरवून उभं राहायचं.

खरी भीती दाखवली ती शेऱ्यानं आणि मी. रक्त म्हणजे गुळाच्या पाकात कालवलेला लाल रंग. गुळासाठी शेऱ्याचा जीव जायचा. पाक तोंडाला लागला की तो जीभ लांब काढून नाकपुड्यांपर्यंत चाटायचा आणि डोळे अर्धे मिटायचा. सिनेमावाले खूश! गोविंदसिंगांची नवी नवरी गोमतीबाई दाराआडून पाहायची आणि पदर तोंडात धरून हसायची. तिला ठाऊक होतं ना, तो गुळासाठी चाटतोय.

पडद्यावर मात्र गूळ दिसत नाही, मित्रांनो.

मंगरूळपीरच्या उरुसात तंबूत तो सिनेमा लागला. गोविंदसिंग मला खिशात घालून गेले होते. शेजारी नानाजी नावाचा गावातलाच तरणा शेतकरी बसला होता. पडद्यावर शेऱ्यानं मान वर केली, माझ्या सुळ्यांवरून लाल धार गळली आणि सगळा तंबू चिडीचूप झाला. मला केवढा अभिमान वाटला! आज त्याची लाज वाटते. पुढच्याच प्रसंगात शेऱ्या आपल्या जोडीच्या बैलाच्या मानेला चावतो, आणि तोही बैल डोळे लाल करून उठतो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "जाळा रे त्या बैलाले!" लोक हसले नाहीत. गोविंदसिंगांचा हात खिशावर घट्ट दाबला गेला, तो मला अजून आठवतो.

पुढच्या बाजारी लोक शेऱ्याला पाहून बाजूला सरकू लागले. पण गोविंदसिंग पक्के होते. त्यांनी भर बाजारात शेऱ्याचं तोंड उघडलं आणि हाक दिली, "या हो, या! हात घाला अन् पाहा! वरते एक तरी दात हाय का?" एकानं भीत भीत बोटं घातली. मग दुसऱ्यानं. मग रांगच लागली. शेऱ्यानं सगळ्यांचे हात चाटले. लोक पोट धरधरून हसले आणि भीती तिथंच संपली. तो बैल पुढं मानानं म्हातारा झाला आणि मानानंच गेला.

मी मात्र अडगळीत पडले. बिनलोलकाच्या घंटा, गंजलेले खिळे आणि मी, असे एका पत्र्याच्या डब्यात. गोविंदसिंग वारले. सिनेमा कुठं गेला, देव जाणे. झाकणाच्या भोकातून थोडा उजेड यायचा, तेवढंच माझं जग. कोणी चौकशी करीना, कोणी धूळ झटकीना. मला राग यायचा. पुन्हा एकदा बैलाच्या तोंडात बसावं, लोकांनी माझ्याकडे डोळे फाडून पाहावं, असं वाटायचं. मूर्ख होते मी.

मागच्या दसऱ्याला डबा उघडला. गोमतीबाईंचा नवीन नावाचा नातू, अठरा वर्षांचा गडी, खिळा शोधत होता. त्याला मी सापडले.

"आजी, हे काय भूत होय वं?"

गोमतीबाईंनी सिनेमाची सगळी गोष्ट हसत हसत सांगितली. झालं! नवीननं गोठ्यातल्या चांद्याच्या तोंडात मला बसवलं. चांद्या म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेला घरचा एकुलता बैल. त्याला गोमतीबाईंनी वासरू असताना हातानं दूध पाजून वाढवलं होतं, कारण त्याची माय त्याला जन्म देतानाच गेली होती. नवीननं पाकाला लाल रंग दिला, चांद्याच्या तोंडाला फासला आणि मोबाइल समोर धरला. चांद्यानं जीभ काढून चाटलं. खाली नवीननं लिहिलं, 'शेलूबाजार भागात रक्त पिणारा बैल. जनावरं सांभाळा.' संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला. मी पुन्हा पडद्यावर आले होते! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी नवीन त्याच्या आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. घरी उरल्या गोमतीबाई, चांद्या आणि डब्यात मी.

आठच दिवसांत हेमसिंगच्या दोन बकऱ्या गळा फाडलेल्या सापडल्या. मग आणखी एक. हेमसिंग हा वस्तीवरचाच, बकऱ्यांवर पोट असलेला माणूस. त्याच्या मोबाइलवर तो व्हिडिओ तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला होता. पांढरा ठिपका सगळ्यांनीच ओळखला.

हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते. गोमतीबाईंचा एक बैल आणि नानाजींचा एक, असे दोघं मिळून जोडी करायचे. आमच्याकडे याला सावड म्हणतात. एक दिवस या शेतात, एक दिवस त्या. त्या सकाळी नानाजी आले, पण बैल आणला नाही. आता ते साठी ओलांडलेले होते. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वहिनी, या साली माह्या बैलाले सोबत नाई जुंपत."

"काहून भाऊजी? ओल चालली ना जमिनीतली!"

नानाजींनी मान खाली घातली. "म्या तो सिनेमा पाह्यला होता वहिनी, दादाच्या बाजूले बसून. जोडीच्या बैलाले चावते तो. मंग तो बी तसाच होते."

"अवं माय! भाऊजी, तुमी दर बाजारी बैलाइचे दात पाहता. तुमाले समजत नाई?"

"समजते. पर भेव वाटते," नानाजी म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवसापासून गोमतीबाई गोठ्यातच झोपू लागल्या. त्यांनी नवीनला फोन लावला. तो दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडात. त्यानं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो गावोगाव पोचला होता. विहिरीवर बाया गोमतीबाईंना पाहून बादली अर्धीच सोडून जात. कोणी भांडत नव्हतं, कोणी शिवी देत नव्हतं. सगळे गप्प होते, आणि गप्प माणसांची मला त्या तंबूपासून भीती वाटते. गोमतीबाई चांद्याच्या मानेवरून हात फिरवत एकच बोलत, "कायले भितं बेटा, मी हावो ना."

पाचव्या दिवशी गोमतीबाई पहाटे पाणी आणायला गेल्या, तेवढा वेळ काय तो गोठा एकटा होता. त्या परतल्या तेव्हा अंगणात वीस-पंचवीस माणसं उभी होती. हातात काठ्या, एकाकडे जाड दोर. पुढं हेमसिंग. त्याची चौथी बकरी गेली होती. त्याचे डोळे रडून सुजले होते.

"काकू, बाजूले व्हा. आमी त्याले घेऊन जाऊन राह्यलो."

"कुठी?"

दोर धरलेला माणूस गोठ्याकडे वळला.

गोमतीबाई धावत आत गेल्या, डबा उघडला आणि मला घेऊन बाहेर आल्या. मला उंच धरून म्हणाल्या, "हे पाहा! हे दात व्हिडिओतले! सिनेमाचे दात होय हे, खोटे! चांद्याचे नाई!"

मला वाटलं, सुटलो आपण. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा कोणाला तरी उपयोग होणार. पण गर्दीतून एक आवाज आला, "म्हातारीनं उपटले रे त्याचे दात! लपवून राह्यली!" हेमसिंगनं मला त्यांच्या हातातून हिसकलं आणि दगडावर आपटलं. माझं टोक तुटलं ते असं. मी ओरडून सांगत होते, मी खोटी आहे, मला लखमानं घडवलं आहे! कवळीचं कोण ऐकतं? ज्या तोंडात मला बसवलं, त्याच्याविरुद्ध मीच साक्ष दिली.

गोमतीबाईंनी पदर खोचला. "मंग या! तोंड उघडा त्याचं! बैलाले वरते दात असते का? तुमच्या बापजाद्यानं पाह्यले का कवा?"

कोणी पुढं येईना. शेकडो बैलांच्या तोंडात हात घातलेली ती माणसं, पण एकाचाही हात उठला नाही. तेव्हा त्या म्हातारीनं स्वतःचा हात मनगटापर्यंत चांद्याच्या तोंडात घातला आणि तसाच ठेवला. "भाऊजी! नानाजी भाऊजी! तुमी या!"

नानाजी मागं उभे होते. ते आले. त्यांनी ओठ वर केला, हिरडीवरून बोटं फिरवली, खालचे दात मोजले. मग जुन्या सवयीनं बाजारात बोलतात तसं मोठ्यानं बोलले, "सहादाती. वरते काईच नाई. साधा बैल होय."

काठ्या खाली आल्या. कोणीतरी हुश्श केलं. हेमसिंगनं कपाळावर हात मारून घेतला. गोमतीबाई हसल्या, रडल्या, काय ते त्यांनाच ठाऊक.

पण नानाजी हात हुंगत होते. पुन्हा हुंगला.

"वहिनी, याच्या तोंडाले फवारनीच्या औषधाचा वास येऊन राह्यला."

चांद्याचे पुढचे गुडघे तेव्हाच वाकले. गव्हाणीत पिठाचा अर्धा गोळा सापडला. कोणी टाकला, ते मला माहीत नाही. डॉक्टर मोटारसायकलवर आले, सुया दिल्या, पण दुपारपर्यंत सगळं संपलं. गोमतीबाईंनी त्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. माणसं तशीच उभी होती. चार दिवसांनी हेमसिंगच्याच बकऱ्यांच्या वाड्याच्या भिंतीवरून बिबट्या उडी मारताना भरदुपारी सगळ्यांनी पाहिला. हेमसिंग येऊन रिकाम्या दावणीपाशी बसला आणि लहान लेकरासारखा रडला. त्यानं काय होणार?

नवीन धावत आला. त्यानं मला चांद्याच्या फोटोशेजारी ठेवून दुसरा व्हिडिओ केला, खरं काय ते सांगितलं, हात जोडले. पहिला व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला होता. दुसरा पाहिला त्रेचाळीस जणांनी.

आणि काल वाशीमच्या पलीकडच्या एका खेड्यातून रंगूबाई नावाच्या एका बाईचा फोन आला. नवीनच्या त्या दुसऱ्या व्हिडिओवरून तिनं नंबर मिळवला होता. ती हळू आवाजात बोलत होती.

"बाई, आमच्या बैलाच्या कपाळावर बी पांढरा ठिपका हाय. लोक दोन दिवसापासून आमच्या घरापुढून जाता-जाता थांबून राह्यले. बोलत नाई कोनी."

गोमतीबाईंनी मला फडक्यात गुंडाळलं. म्हणाल्या, "या बारीले आधी बैलाचं तोंड उघडीन, मंग तुले दाखवीन." आम्ही आता शेलूबाजारच्या थांब्यावर आहोत. वाशीमची बस यायची आहे. तिथून दुसरी, मग पायी. मित्रांनो, आम्हाला पोचायला दुपार होईल. तो व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला, तर तुमचं बोट लागताच तो आमच्या आधी त्या गावात पोचतो. म्हणून हात जोडून सांगते, तो कोणालाही पाठवू नका. निदान आमची बस येईपर्यंत तरी थांबा.