जाड फाइलीतले आजोबा

मास्टरांना "तुम्ही शूर आहात" असं कुणी म्हटलं असतं, तर हा कुणाशी बोलतोय हे बघायला त्यांनी आधी मागे वळून पाहिलं असतं. माणूस कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकलं की रस्ता बदलणारा. गिऱ्हाइकानं आवाज चढवला की शिवणयंत्राचं पायटं जोरात हाणून त्या खडखडाटात लपणारा. सूट मात्र असा शिवायचे की ढेरपोट्यालाही वाटावं आपण घोड्यावरून आलोय. बाकी मिरवण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं, आणि तेही उसनं. त्यांचे आजोबा महायुद्धात नौदलात होते.

आजोबांनी युद्धाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. "होतो बोटीवर," एवढंच म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे. खरे वीर बोलत नसतात, असा मास्टरांनी त्याचा अर्थ लावून ठेवला होता. न बोलणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसूही शकतं, हे त्यांना साठी जवळ आली तरी सुचलं नव्हतं.

आत्याचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला, तेव्हा मास्टरांच्या डोक्यात किडा वळवळला. आजोबांची ही एकुलती एक मुलगी. तिला तिच्या वडिलांचा पराक्रम भेट द्यायचा! ते सरळ जुन्या लष्करी नोंदींच्या कचेरीत गेले. पिशवी बाहेर ठेवावी लागली, पेन काढून घेतलं गेलं, हातात एक बोथट पेन्सिल आली. काउंटरवरच्या बाईंनी दोन फाइली आणून ठेवल्या.

"या नावाचे दोघं होते," बाई म्हणाल्या. "नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तेच. तुमच्या आजोबांचं जन्मसाल काय?"

"तेव्हा कोण लिहून ठेवत होतं हो? अंदाजानंच सगळं."

"मग घरात कुणाला तरी विचारून या."

"आत्याला माहीत असेल, पण तिलाच तर चकित करायचंय."

एक फाइल पापडासारखी पातळ होती. दुसरी चांगली बोटभर जाड, वर फीत बांधलेली. मास्टरांनी जाडीवर हात ठेवला. "ही आमची."

"कशावरून?"

"वाटतंय ना तसं," मास्टर म्हणाले. जगात वारसा सांगायची इतकी सोपी पद्धत दुसरी नसेल.

आणि फाइल काय होती! जहाजाला पाणसुरुंग लागतो, बॉयलरच्या खोलीत वाफ भरते, आणि हा खलाशी खाली उतरून एका सोबत्याला खांद्यावर घालून वर आणतो. पुन्हा उतरतो, दुसऱ्याला आणतो. तिसऱ्यांदा निघतो तेव्हा जहाज वाचवायला, खाली माणसं असतानाच, वरून झडप बंद करायचा हुकूम झालेला असतो, आणि चौघे जण त्याला धरून ठेवतात. शौर्याबद्दल प्रशंसापत्र. मास्टर टेबलावरच रडायला लागले. बाईंनी हळूच फाइल जरा पलीकडे सरकवली.

त्या दिवसापासून मास्टरांची चाल बदलली. छाती पुढे, मान ताठ. कोपऱ्यावर कुत्रं भुंकलं तेव्हा ते थांबले नाहीत, वळले नाहीत, सरळ गेले. कुत्र्यानं फाइल वाचलेली नसावी. पँटचा एक पाय मागून रफू करावा लागला.

पण मास्टरांनी हार मानली नाही. फाइलीत गणवेशासाठी घेतलेली मापं होती. त्यावरून त्यांनी हुबेहूब नौदलाचा कोट शिवायला घेतला. बायको काजं करता करता मापं वाचत होती. "उंची पाच फूट अकरा? अहो, तुमच्या आजोबांना फळीवरचा डबा काढायला स्टूल लागायचं."

"म्हातारपणी माणूस आखडतो."

"एवढा?"

"कापड धुतलं की आटतं ना? ते तर समुद्रात होते."

बायकोनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं काज हातात घेतलं. ती मास्टरांना बरीच वर्षं ओळखत होती.

वाढदिवसाला सगळं गणगोत जमलं. मास्टरांनी घसा साफ करून भाषण केलं, वाफेच्या जागी स्वतः तोंडानं वाफेचा आवाजही काढला. आणि मग दिवाणखान्यात दुकानातून आणून झाकून ठेवलेल्या पुतळ्यावरची चादर ओढली. निळा कोट, दुहेरी गुंड्या, कडक कॉलर. टाळ्या पडल्या. आत्या खुर्चीतून उठली, काठी टेकत पुतळ्याभोवती एक फेरी मारून आली.

"शिवलायस छान. पण हा कुणाचा रे?"

"आजोबांचा, आत्या! तुझ्या बाबांचा!"

"यात आमचे बाबा दोनदा मावले असते आणि वर कोपऱ्यात मी बसले असते."

"तरुणपणी ते... आत्या, फाइलीत लिहिलंय, त्यांच्या उजव्या हातावर नांगर गोंदलेला होता. होता की नाही?"

"कुणाच्या हातावर?"

"तुझ्या बाबांच्या."

"अरे, शेवटची दोन वर्षं मी अंघोळ घातली त्यांना. हातावर तीळसुद्धा नव्हता."

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग घरभर हसू फुटलं. मास्टरही हसले, कारण दुसरं करायचं काय? पण कान लाल झाले होते. तीस वर्षं गळ्यात टेप घालून हिंडणारा माणूस! नुसत्या नजरेनं कंबर सांगणारा! आणि सख्ख्या आजोबांच्या मापात फूटभर चुकला. धुतलेल्या कापडाची उपमा आठवून तर त्यांना रात्री उशीत तोंड खुपसावंसं वाटलं.

आत्यानं जन्मसाल सांगितलं, ते घेऊन मास्टर मान खाली घालून कचेरीत गेले. बाईंनी काही न विचारता पातळ फाइल पुढे केली. त्यात दोनच कागद. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली पोलादी जाळं सोडलेलं असायचं, शत्रूच्या पाणबुड्या आत शिरू नयेत म्हणून. आपलं जहाज आलं की जाळं बाजूला ओढायचं, गेलं की पुन्हा लावायचं. ते काम करणाऱ्या छोट्या बोटीवर आजोबा होते. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. शेरा एकच: काम समाधानकारक.

म्हणजे दारवान, मास्टरांच्या मनात आलं. लगेच मन दुसरीकडे धावलं. कदाचित त्या दुसऱ्याचं जहाज याच दारातून गेलं असेल! कदाचित आपल्या आजोबांनीच जाळं ओढून... त्यांनी घाईघाईनं तारखा ताडून पाहिल्या. बंदर वेगळं, समुद्र वेगळा. खोड जात नाही म्हणतात ती अशी.

"या जाड फाइलीचं काय?" त्यांनी विचारलं. "त्यांच्या घरच्यांना माहीत आहे का हे सगळं?"

"त्यांच्या मुलीनं मागे चौकशी केली होती. तेव्हा ही फाइल सापडत नव्हती. आता कळवणार आहे मी."

"माझा नंबरही द्या त्यांना. मला भेटायचंय. मी त्यांच्या वडिलांना जरा... वापरलंय."

जाड फाइलीतल्या खलाशाच्या मुलीचा फोन आठवड्याभरात आला. पूर्वी शाळेची बस चालवायच्या, आता निवृत्त. आवाज खणखणीत. "या की," म्हणाल्या. मास्टर फाइलीची प्रत घेऊन गेले. वाटेत त्यांनी माफीचं एक भाषण तयार केलं, त्यात दोन विनोद पेरले. ते घराशी पोचले तर पुढचं दार सताड उघडं. आतलं उघडं. स्वयंपाकघराचं उघडं. मोरीच्या दाराला कडीच नव्हती. गारठा चांगलाच होता, आणि बाई शाल गुंडाळून बसल्या होत्या.

मास्टरांनी भाषण सुरू केलं, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्या चष्मा लावून वाचायला लागल्या होत्या. झडपेच्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आमच्याकडे दार लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "थंडी असो, वारा असो. मी चौदा-पंधरा वर्षांची असताना भांडून खोलीत गेले आणि आतून कडी लावली. बाबांनी खांद्यानं दार फोडलं. मला वाटलं, आता मार बसणार. तर माझ्याकडे बघून ढसाढसा रडले. आई म्हणाली, हेकेखोर आहे मेला. मीही तेच धरून बसले. शेवटपर्यंत हेकेखोर म्हणाले हो त्यांना. तोंडावर."

मास्टरांनी उरलेलं भाषण दोन्ही विनोदांसकट मनातच खोडून टाकलं. बाई उठल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या.

"किती जण राहिले होते खाली?"

"सहा, असं लिहिलंय."

"सहा," बाई म्हणाल्या. वाऱ्यानं लोटलं गेलेलं पुढचं दार त्यांनी पुन्हा सताड उघडलं. मग जणू पाहुण्याची आठवण झाल्यासारखं म्हणाल्या, "आणि तुमचे आजोबा? ते काय करायचे?"

"बंदराच्या तोंडाशी जाळं होतं. ते उघडायचे, लावायचे."

"जड असेल ना हो?"

मास्टर गडबडले. आपल्या आजोबांबद्दल इतका साधा प्रश्न त्यांना स्वतःला पडलाच नव्हता. "विचारून सांगतो," ते म्हणाले, आणि ऐकायला ते किती हास्यास्पद वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं.

तिथून ते तडक आत्याकडे गेले. आत्या पलंगावर बसून पाय चोळत होती.

"आत्या, तुझ्या बाबांनी जाळ्याबद्दल कधी काही सांगितलं होतं?"

"नाही बाबा. पण त्यांचे हात आठवतात का तुला?"

मास्टरांना नाही आठवले. पेपर तेवढा आठवला, वर धरलेला.

"तळवे असे होते, जोड्याच्या तळासारखे. ओल्या तारा ओढून ओढून झाले, असं आई म्हणायची. चुलीवरचं उकळतं पातेलं नुसत्या हातानं उतरवायचे, फडकं लागायचं नाही. आम्ही शेजारच्या पोरांना बोलावून दाखवायचो, बघा आमचे बाबा जादू करतात." आत्या हसली. "आणि मला वेणी घालायला बसले की केस त्या भेगांत अडकायचे. मी किंचाळायचे. मग ते आधी हाताला तेल चोळायचे, थांबायचे, आणि मग वेणी घालायचे. रोज."

मास्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "अजून सांग," ते म्हणाले.