नाल्यात धुतलेला मुळा

गोपालचा गुडघा टरबुजासारखा सुजला. डोळे लाल, लघवीला आग. डॉक्टरने आई-बायकोसमोरच विचारलं, "बाहेर कुठे संबंध आलाय का?" तो नाही म्हणाला. पण आई मनकर्णाबाईने तेवढंच उचललं आणि जुन्या शहरातल्या घरी येताच सुनेची पिशवी दाराबाहेर फेकली.

"माह्या पोराले हिच्यापासूनच लागलं! माहेरी कोनाकोनाजवळ बसली असन!"

गल्लीतल्या बायका जमल्या. मनकर्णाबाईकडूनच भाजी घेणाऱ्या. गोपाल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. "आई, जाऊ दे ना," एवढंच बोलला. बायकोच्या अब्रूसाठी नवऱ्याचं तोंड एवढंच उघडलं.

सून पौर्णिमा पिशवीकडे गेली नाही.

"आत्याबाई, डॉक्टरनं अजून काय इचारलं, सांगा ना! जुलाब कवा झाले? मुळा उपटला तवा. त्याले अजून मयना नाई झाला. घरात कोनाची पाठ आखडली हाय का? मामाजीची, तुमच्या मालकाची, हे तुमीच सांगतलं. असं रक्त घरात असलं, वय जवान असलं आन् पोट असं सडलं, की सांधे पेटतात म्हने. रक्त तपासाले सांगतलं. माहं माहेर कुठी आलं यात?"

"मुळ्यानं कोनाचा गुडघा सुजते का वं? डोकं फिरलं हिचं!"

पौर्णिमाने ओसरीवरच्या ढिगातून एक जुडी उचलली. मळ्याशेजारच्या सांडपाण्याच्या नाल्यात धुतलेली, पांढरीशुभ्र, उद्याच्या बाजाराची. गोपाल धुता धुता त्यातलाच एक मुळा कचकन चावायचा. तिने मुळा सासूच्या तोंडापुढे धरला.

"खा."

"म्या काहून खाऊ?" मनकर्णाबाई मागे सरली. "घरी खायाचा मुळा आपन विहिरीवर धुतो!"

 जमलेल्या बायकांतून लीलाबाई पुढे आली. तिचा नातू मागच्या आठवड्यात जुलाबांनी सलाईनवर होता.

"म्हंजे तुमाले विहिरीचा आन् आमाले गटाराचा? व्हय वं मनकर्णे?"

 सासरा पुंजाराम ओसरीवरच उभा होता; त्याची मान कित्येक वर्षांत वळलेली नव्हती. तो अख्खा वळला, बायकोकडे बघितलं आणि काठीने जुड्यांचा ढीग अंगणात लोटला.

"हे फेका. पोरीची पिशवी आत आना."

"माही मी आनतो," पौर्णिमा म्हणाली. पिशवी घेऊन ती आत आली आणि गोपालच्या खाटेपाशी थांबली.

"आता वळा इकडं. गुडघा दुखून राह्यला तुमचा, मान नाई."