सोन्याची वात

वसमतला देवळामागच्या दोन खोल्यांत गंगूताई रोज अंघोळ करून, ओल्या केसांनीच वाती वळायला बसायच्या. लेकीला, कालिंदीला, दिवस गेले तेव्हा त्यांनी लाख वातींचा नेम धरला. रोजच्या दोनशे. सातव्या महिन्यात त्यांना ताप भरला आणि एक दिवस चुकला. पुढे पोट उघडून बाळंतपण करताना कालिंदी गेली. मूलही राहिलं नाही. त्या चुकल्या दिवसाचं गंगूताईंनी कुणाला, अगदी यजमानांनाही, सांगितलं नाही. वाती मात्र वळत राहिल्या.

शहात्तरच्या कार्तिकात लाख पुरा होत आला. उद्यापनाला सोन्याची वात दान द्यायची असते; कालिंदीची नथ मोडून ती घडवून घेतली होती.

त्याच आठवड्यात देवळाच्या ओसरीवर विश्वस्तांची बैठक बसली. गंगूताईंचे यजमान विष्णुपंत देवस्थानचे कारकून. त्यांनी अर्ज वाचला. मोठ्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर अमृतराव समोरच उभे होते. त्यांना रबर, कातडं, कापड यांचं खोटं पोट बनवायचं होतं. सहा नवे डॉक्टर आधी त्यावर शिकतील, सहा नेहमीसारखे थेट रोग्यांवर. वर्षभर दोन्ही गटांचे हात ताडून पाहायचे.

"डॉक्टरसाहेब," व्यंकटराव विश्वस्त हसले, "बाहुल्या खेळायला देवाचा पैसा? आमच्या नातीला घ्या की संगं!"

"खेळच हाय म्हणा. पण बाहुली मरत न्हाई," अमृतराव त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"आन् माणसं काहून मरतील? येवढं शिकून येता तुमी!"

 अमृतराव खालच्या आवाजात म्हणाले, "मागच्या साली एक पहिलटकरीण होती. वसमतचीच. पोट उघडलं होतं, रक्ताची नस बांधायची होती. जित्या माणसावर माझी पहिलीच गाठ. ती सरकली. मोठे डॉक्टर येईपर्यंत..."

विष्णुपंतांनी हातातला कागद खाली ठेवला. ओसरीच्या दाराआड गंगूताईंच्या बोटांत वात तशीच अर्धी राहिली.

म्हणजे ताप नव्हे. तो चुकलेला दिवस नव्हे. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उचलला गेला, आणि त्याखाली कालिंदी तशीच होती. उलट आता दोष द्यायला समोर माणूस उभा होता.

अर्ज नामंजूर झाला. अमृतराव पायऱ्या उतरले तेव्हा गंगूताई आडव्या आल्या.

"ती माझी लेक."

डॉक्टरांनी हात जोडले. "आई, तोंडावर थुंका माझ्या."

त्यांनी डॉक्टरांच्या बोटांकडे पाहिलं. "मी पहिली वात वळली ना, ती अशी वेडीवाकडी झाली होती. टाकून दिली, दुसरी घेतली." त्यांचा आवाज फुटला. "तुम्हाला टाकून द्यायला काही दिलंच नाही हो कुणी."

देवापुढून उचललेली सोन्याची वात त्यांनी डॉक्टरांच्या ओंजळीत ठेवली. मागून विष्णुपंत म्हणाले, "अहो, दान ब्राह्मणाला द्यायचं असतं..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

फाल्गुनात अमृतरावांनी गंगूताई-विष्णुपंतांना दवाखान्यात बोलावून घेतलं. टेबलावर ते खोटं पोट ठेवलं होतं, सोन्याची वात मोडून बनवलेलं, भरल्या दिवसांचं. गंगूताईंनी त्यावर हात ठेवला, तो लवकर निघेना. डोहाळजेवणाला लेकीच्या पोटावर असाच ठेवला होता.

मग एक शिकाऊ डॉक्टरीण पुढे झाली. तिनं आत दोरा घातला, गाठ मारली. लाल पाणी भळकन् वर आलं. पोरगी दचकली, रडवेली झाली.

"असू द्या," अमृतराव म्हणाले. "पुन्हा."

तिनं पाणी टिपलं, पुन्हा दोरा घातला. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा गाठ बसली, आणि पोरगी खुदकन् हसली.

गंगूताईही तिच्याकडे पाहून हसल्या. मग पदर तोंडाशी धरून बाहेर व्हरांड्यात आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. आतून आवाज येतच होता, "पुन्हा. हं, पुन्हा."