शेवंतीची साखर गेली

सिंगापूरच्या चोआ चू कांगमधल्या एका फ्लॅटमध्ये शनिवारी भर दुपारी वीस-बावीस सुशिक्षित माणसं चपला बाहेर काढून, हात जोडून, मांजराच्या मुताभोवती गोल करून उभी होती.

मुताला मूत म्हटलेलं तिथे कोणाला खपलं नसतं. धैर्यशील सर त्याला 'संकेत' म्हणत होते. नंदाताईंची म्हातारी मांजर शेवंती आपल्या पेटीत न जाता सोफ्याशेजारी, त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपच्या बॅगेला टेकून मोकळी झाली होती. सरांच्या मते मांजर जिथे मुतते तिथे घराची ऊर्जा गळते. तसं पाहिलं तर शेवंती घरभर मुतत होती. म्हणजे घराची चाळणीच झाली होती.

"मला बाबा, महाराज असलं काही म्हणायचं नाही," सर म्हणाले. अंगात लिननचा कुर्ता, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ. "मी फक्त फॅसिलिटेटर. बरी ती स्वतःच होणार आहे. मधुमेह म्हणजे काय? न मिळालेला गोडवा! स्वादुपिंड रुसलंय. आपण त्याची माफी मागायची."

सगळ्यांनी मांजराच्या स्वादुपिंडाची माफी मागितली. दोघातिघांनी ते नेमकं कुठे असतं हे आधी मोबाईलवर पाहून घेतलं आणि मग त्या दिशेला वळून मागितली.

मग सरांनी बिनसुईच्या सिरिंजने थोडा संकेत काचेच्या वाटीत ओढून घेतला. थर्मासमधलं दोन चमचे तीर्थ त्यात घातलं. "संस्कार केल्याशिवाय नमुना खरं बोलत नाही," असं म्हणत लघवीतली साखर दाखवणारी पट्टी बुडवली. पट्टी औषधांच्या दुकानातलीच होती, तिच्यात काही लबाडी नव्हती. तिच्यावर दोन चौकोन असतात. पहिला साखरेचा. साखर असली की तो पिवळ्याचा हिरवा आणि फार असली की तपकिरी होतो. शेवंतीचा कधी हिरवा यायचा, कधी तपकिरी. आज तो पिवळाच राहिला.

"निगेटिव्ह!" क्षितिज ओरडला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

क्षितिज हा नंदाताईंचा मुलगा. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर आहे. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्यानेच ते तपासून पास करायचं नाही, या एका तत्त्वावर त्याची नोकरी चालते. ऑफिसात हे तत्त्व तो नवख्या पोरांना ओरडून शिकवतो. घरी मात्र ज्याने मांजर बरी करायची त्यानेच नमुना घेतला, त्यानेच त्यात काहीतरी ओतलं, त्यानेच पट्टी बुडवली, आणि क्षितिजने सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

"काका, आम्ही अंधश्रद्धाळू नाही हं," तो मला म्हणाला. मी खालच्या मजल्यावर मुलीकडे राहतो आणि चहाच्या वेळी वर असतो. "आपण डेटा मागितला. सरांनी डेटा दिला."

"तीर्थात काय आहे, तो डेटा मागितलास का?"

"तुमचं ना काका, सगळं तिरकंच असतं."

शेवंती याच इमारतीखाली जन्मलेली. नवरा गेल्यावर नंदाताई पुण्याहून मुलाकडे आल्या, त्याच सुमारास ती लिफ्टमधून एकटीच वर आली, असं त्या सांगतात. दिवसभर त्या घरात त्यांचं मराठी ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. मुलगा ऑफिसात, आणि ऑफिसातून आला की कॉलवर. आता शेवंती तेरा वर्षांची होती आणि मधुमेही होती. पाणी भरपूर प्यायची, मुतायची त्याहून जास्त. मागचे पाय इतके लुळावले होते की पेटीचा काठ ओलांडेपर्यंत काम उरकलेलं असायचं.

हे सगळं आटोक्यात आणलं होतं अपूर्वाने. विद्यापीठात पोस्टडॉक करणारी ही मुलगी नंदाताईंकडे भाड्याच्या खोलीत राहते. तिने बुटक्या काठाच्या दोन पेट्या आणल्या, त्या रोज सकाळ-संध्याकाळ साफ करायची सवय लावली आणि नंदाताईंना इन्शुलिन द्यायला शिकवलं. शेवंतीचं तोंड खाण्यात असताना मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई टोचायची. तिला पत्ताही लागत नसे. घरातले अपघात थांबले नाहीत, पण कमी झाले. यात चमत्कार काही नव्हता, म्हणून बघायला कोणी येत नव्हतं.

मग अपूर्वा परिषद आणि पुढचं महिनाभराचं काम यांसाठी युरोपात गेली, आणि क्षितिजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धैर्यशील सर आले.

पट्टी पिवळी राहिली त्याच संध्याकाळी इन्शुलिन बंद झालं. "बऱ्या झालेल्या जिवाला सुया टोचणं ही हिंसा आहे," सर म्हणाले. त्या घरात अहिंसा सुरू झाली.

शेवंती पुन्हा घरभर मुतू लागली. साखर तर गेली होती, मग हे काय? "ही देहाची जुनी सवय," सरांनी सांगितलं. "पाणी कमी करा." पाण्याचं भांडं उचललं गेलं. एकदा मी वर गेलो तर शेवंती बाथरूमच्या जाळीशी बसून ओली फरशी चाटत होती.

"नंदाताई, तिला तहान लागलीय."

"मला काय कळत नाही का?" त्या म्हणाल्या. "पण क्षितिज म्हणतो, आणखी एकदा सोफा भिजला तर तिला कुठेतरी देऊन टाकू. सर म्हणतात, थोडी कळ काढा, सुटेल सवय. आणि पट्टी कशाला हो खोटं बोलेल?"

मी भांडं भरून ठेवलं. क्षितिजने ते रिकामं केलं आणि ग्रुपवर लिहिलं, 'पाहुण्यांनी कृपया प्रोटोकॉल मोडू नये.'

दर शनिवारी पट्टी बुडायची. पहिला चौकोन पिवळा. दुसरा मात्र आधी गुलाबी झाला, मग जांभळा. सरांना त्याचाही अर्थ माहीत होता. जांभळा हा सहस्रार चक्राचा रंग. शेवंतीने खाणं सोडलं, तो उपवास झाला. ती जागची उठेना, ती समाधी झाली. जांभळ्या चौकोनाचा फोटो ग्रुपवर गेला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

शेवटी कृतज्ञता सोहळा ठरला. शेवंतीला पाटावर उशी घालून निजवलं होतं. कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. माळ काढायलाही तिने पंजा उचलला नाही, आणि ही केवढी विरक्ती, असं मागे कोणीतरी म्हणालं.

अपूर्वा विमानतळावरून थेट त्या सोहळ्यातच पोचली. बॅग दारात टाकून ती गर्दीतून पुढे घुसली, खाली वाकली आणि शेवंतीच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"नंदाकाकू, हिच्या तोंडाला नेलपॉलिश काढतात ना, त्या औषधासारखा वास येतोय. इन्शुलिन बंद केलंत?"

"अगं, बरी झाली ना ती..."

"टेस्ट निगेटिव्ह आहे, अपूर्वा," क्षितिज म्हणाला. "चार आठवडे सलग."

"आणि पाटाजवळच्या या पट्टीवर हा जांभळा चौकोन कसला? साखर वापरता येत नाही म्हणून तिचं शरीर चरबी जाळतंय. त्याचं विष रक्तात साचतंय. त्याचा रंग आहे हा! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या."

"ताई, समाधी मोडू नका," सर मधाळ आवाजात म्हणाले. "साखरच नाही, तर विष कसलं?"

नंदाताईंनी शेवंतीला उशीसकट पोटाशी धरलं. "पट्टी पिवळी आहे गं," त्या म्हणाल्या. "आणि दवाखान्यात नेली की हा म्हणेल, आता तिथेच झोपवा तिला कायमची."

क्षितिज मोबाईल बघू लागला.

अपूर्वा स्वयंपाकघरात गेली. ग्लुकोज पावडरचा डबा काढून तिने ग्लासभर पाण्यात चार चमचे ढवळले आणि नंदाताईंसमोर पट्टी बुडवली. तपकिरी.

"यात साखर आहे. कबूल?"

"कबूल," नंदाताई म्हणाल्या.

"आता थोडं या वाटीत घेते, आणि हे सरांचं तीर्थ." तिने थर्मास उचलला. सर 'अहो, अहो' करेपर्यंत दोन चमचे पडले होते. नवी पट्टी बुडाली. पिवळी राहिली.

"बघा काकू. ग्लुकोजचं पाणीसुद्धा मधुमेहातून बरं झालं."

तिने तीर्थ बोटाने चाखलं. मग क्षितिजची फसफसणारी व्हिटॅमिन सीची गोळी घोटभर पाण्यात विरघळवली आणि ती ग्लुकोजच्या दुसऱ्या वाटीत ओतली. पुन्हा पट्टी. पुन्हा पिवळी.

"तीर्थ आंबट आहे. व्हिटॅमिन सी भरपूर घातलं की पट्टीवर रंग उमटतच नाही. साखर जात नाही, काकू, पट्टी आंधळी होते. दुसऱ्या चौकोनावर ही मात्रा चालत नाही. म्हणून तर यांना चक्र शोधावं लागलं."

मला वाटलं, संपलं.

"एक मिनिट," रुचिर नावाचा एक तरुण पुढे झाला. तो डेटा सायंटिस्ट आहे. "म्हणजे सरांच्या तीर्थाने ग्लासातलीही साखर गेली?"

सरांनी डोळे मिटले. "मी मुद्दाम बोलत नव्हतो. ऊर्जेला सजीव-निर्जीव असा भेद नसतो."

"आणि गोळीने गेली ती?" अपूर्वा किंचाळली.

"गोळी माझ्या सान्निध्यात विरघळली, ताई."

टाळ्यांचा कडकडाट आधीच्यापेक्षा मोठा होता. त्यातच ग्रुपमधल्या मीनलने घाईघाईने विचारून घेतलं, "सर, माझ्या बाबांचं इन्शुलिन बंद करता येईल का?"

"आधी त्यांचा नमुना घेऊन या," सर म्हणाले.

नंदाताई उठल्या. त्यांनी शेवंतीच्या गळ्यातली माळ ओढून तोडली. "व्हा बाजूला," एवढंच म्हणाल्या. टाळ्या वाजवणारे हात तसेच धरून लोक बाजूला झाले.

टॅक्सीवाल्या काकांनी आरशातून एकदाच पाहिलं. "कॅट सिक आह, आंटी? आय गो फास्ट, लाह." इतक्या आठवड्यांत शेवंतीकडे बघून ती आजारी आहे असं म्हणणारा अपूर्वानंतरचा हा पहिलाच माणूस.

दवाखान्यातल्या यंत्राने रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवलाच नाही. आकड्यांची हद्द संपली की ते नुसतं 'हाय' लिहितं. डॉक्टरांनी सलाईन लावलं.

"आता तिला पाणी मिळतंय ना?" नंदाताईंनी विचारलं.

"मिळतंय, काकू," अपूर्वा म्हणाली.

संध्याकाळी सलाईनची बाटली अर्धी उरली होती आणि शेवंती उरली नव्हती.

आम्ही घरी पोचायच्या आत ग्रुपवर सरांचा संदेश आला होता: 'शेवंतीमातेने घरावरचं अरिष्ट स्वतःच्या देहावर घेतलं.' खाली हातांची रांग. त्याखाली नंदाताईंनी बराच वेळ घेऊन एकेक अक्षर टाईप केलं: 'तिने काही घेतलं नाही. तिला पाणी हवं होतं, ते आम्ही उचलून ठेवलं. औषध फ्रिजमध्ये होतं, ते मी दिलं नाही. मेली ती त्याने.'

क्षितिजने आईला ग्रुपमधून काढलं. कारण दिलं, नकारात्मक ऊर्जा. मग मी दोन ओळी लिहिल्या, तर मलाही काढलं. म्हणून हे इथे लिहितो आहे.

तुम्हाला कोणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एवढं करा. नमुना स्वतः घ्या. तपासायला तिऱ्हाइताकडे द्या. बरं करणाऱ्याचा हात त्या वाटीला लागू देऊ नका, त्याला राग आला तर येऊ द्या. ज्यात साखर आहे हे पक्कं ठाऊक आहे, अशा पाण्यावर त्याचं तीर्थ आधी घालून बघा, आणि मग टाळ्या वाजवायच्या की पोलिसांना बोलवायचं हे शांतपणे ठरवा. कागदाची पट्टी एक सांगत असेल आणि तहानलेला जीव दुसरंच सांगत असेल, तर जिवाचं ऐका.

आणि मीनल, हे कोणी तुला वाचून दाखवलं तर बाबांचं इन्शुलिन चालू ठेव.