हळदीकुंकवाला वाटलेली बिअर

आमच्या ह्यांचा कुठल्याही कामावर विश्वास बसतो तो त्याचं साहित्य मोजूनमापून, पाकिटं करून, खोक्यात भरून समोर आलं तरच. लग्नसुद्धा त्यांनी पत्रिका, फोटो आणि माझी मार्कशीट एका लखोट्यात आल्यावर ठरवलं. त्यामुळे डेरेकसाहेबाच्या कार्टनवर ते भाळले याचं मला नवल वाटत नाही.

डेरेक हा ह्यांच्या रियाधच्या बँकेतला इंग्रज साहेब. इराकने कुवेत गिळलं, युद्धाची मुदत जवळ आली, तसा तो मिळेल त्या विमानाने पळाला. जाताना एक मोठं कार्टन ह्यांच्या गळ्यात घालून गेला. आत एकसारखी खोकी होती आणि प्रत्येक खोक्यात घरी बिअर करायचं झाडून सगळं साहित्य होतं. मॉल्टच्या घट्ट पाकाचा डबा, हॉप्स नावाच्या कडू पाल्याची पुरचुंडी, यीस्टचं पाकीट, भांडी धुवायची पूड. बादली तेवढी आपली. हे खास नवशिक्यांसाठी असतं, चुकायला जागाच नाही, असं डेरेक म्हणाला म्हणे. ज्या देशात दारूचा नुसता संशय आला तरी माणूस आधी तुरुंगात आणि मग विमानात बसतो, तिथे हा उद्योग. म्हणून साहेबाने सगळी लेबलं आधीच सोलून टाकलेली.

मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "केकचं साहित्य आहे. नुसतं पाणी घालायचं." आणि कार्टन कोठीच्या खोलीत ढकललं.

मग युद्ध सुरू झालं. रियाधवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडायला लागली. विषारी वायूच्या भीतीने प्रत्येकाने घरातली एक खोली प्लास्टिक आणि टेप लावून बंद केली. आमच्याकडे हे काम ह्यांनी फार मन लावून केलं. खोलीला जोडून न्हाणीघर होतं, तिथे झाकणाची मोठी बादली ठेवली. "आणीबाणीचं पाणी आहे. झाकण उघडायचं नाही," असा मला आणि आमच्या लेकीला, अवनीला, दम दिला. नवरा घरासाठी एवढा झटतोय हे बघून मला भरून आलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

युद्ध असो नाहीतर काही असो, संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करायचंच, असं मी ठरवलं होतं. प्रश्न वाणाचा होता. अर्धा बाजार बंद, उघड्या दुकानांत टेप आणि बॅटऱ्यांपलीकडे काही मिळेना. आणि कोठीत इतकी छान एकसारखी खोकी पडून. ह्यांना गोडाची आवड नाही, केक करायला घरात मन कोणाचं होतंय? मी एकेक खोकं जिलेटिनच्या कागदात गुंडाळलं, वर लाल रिबन बांधली आणि वाण म्हणून वाटून टाकलं. बायका खांद्याला गॅसचे मास्क लटकवून आल्या होत्या. हलवा घेतला, उखाणे घेतले, आणि प्रत्येकीने घरी बिअर नेली.

शेजारच्या इमारतीतली जोहराही आली होती. ती दापोलीची, मी खेडची. परदेशात एवढं अंतर म्हणजे एकच अंगण. ती कुंकू लावत नाही, पण तिळगूळ घ्यायला दर वर्षी येते आणि मीही ईदला शीरखुर्मा प्यायला जाते. बाळंतपणात ती माझ्याजवळ आठवडा राहिली होती. तिला मी सगळ्यांत चांगलं बांधलेलं खोकं दिलं.

शुक्रवारी सकाळी हे कोठीत गेले आणि रिकामं कार्टन हातात घेऊन बाहेर आले. चेहरा पिठासारखा झालेला.

"यातली खोकी कुठायत?"

"वाण दिली. तुम्हीच म्हणालात ना, केकचं साहित्य."

हे खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच खरं बोलले. आणीबाणीच्या पाण्याचंसुद्धा. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अवनी दारातून "मम्मी, क्या हुआ?" म्हणून विचारून गेली, तिलाही एक बसली, बिचारीला उगाचच.

मग मला एकदम आठवलं. जोहरा त्याच दुपारी निघणार होती. तिचा भाऊ यान्बूच्या रिफायनरीत, तिकडे स्कड पोचत नव्हती. तिचे यजमान मोहियुद्दीनभाई जुम्म्याची नमाज पढून आले की गाडी काढणार होते. रियाध ते यान्बू, वाटेत जागोजाग तपासनाके, युद्धामुळे प्रत्येक पिशवी उघडून बघत होते. आणि जोहरा आदल्याच दिवशी मला म्हणाली होती की खाण्यापिण्याचं सगळं बरोबर नेतेय, भावाच्या पोरांना होईल. मोहियुद्दीनभाई पाच वेळचे नमाजी. त्यांच्या डिकीत बिअरचं साहित्य सापडलं, तर ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो अरब कफील तोंडसुद्धा बघणार नाही. आणि शिपायाने विचारलं तर ती भाबडी सांगणार, मैत्रिणीने वाण दिलं.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगून या," मी म्हणाले.

"असं तडकाफडकी जाऊन कसं चालेल? विचार करायला हवा." हे म्हणाले. "फोनवर तर बोलायलाच नको. आधी सगळ्यांना बोलावतो."

मराठी माणूस परदेशात दोन गोष्टी आठवणीने नेतो, एक गोडा मसाला आणि दुसरं मंडळ. आमच्या मंडळाचे चिटणीस उन्मेषराव आणि आणखी चौघे पाच जण तासाभरात हजर झाले. त्या सगळ्यांच्या बायकांना मी वाण दिलेलं. बंद खोलीतून आवाज बाहेर जात नाही म्हणून बैठक तिथेच. मी चहा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, जोहराकडे कोणी जायचं ते ठरत असेल.

"आमच्याकडे तिसऱ्या दिवशी बुडबुडे यायला लागले," एक जण दबक्या आवाजात सांगत होता. "मी हीटरजवळ ठेवलीय."

"आमच्याकडे अजून वेळ आहे," दुसरा म्हणाला. "पण वास येतोय. बायकोला सांगितलं, स्कडचा धूर आहे."

मी दारातच थांबले. म्हणजे यातल्या एकाही बायकोला केक करायची संधी मिळाली नव्हती. घरी खोकं उघडल्यावर प्रत्येक नवऱ्याने ते ओळखलं होतं, हातातून काढून घेतलं होतं, आणि मंडळातल्या एकानेही दुसऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता. एरवी ही माणसं गणपतीच्या आरतीची वेळ ठरवायला महिना घेतात.

"जोहराचं काय ठरलं?" मी विचारलं.

उन्मेषरावांनी घसा साफ केला. "वहिनी, आम्ही त्यावरच येतोय. मुद्दा नाजूक आहे. मंडळाचं असं मत पडतंय की हळदीकुंकू हा महिलांचा स्वतंत्र कार्यक्रम होता. मंडळाचा त्याच्याशी अधिकृत संबंध नाही. उद्या कोणी विचारलंच, तर आपण ती खोकी कधी पाहिलेली नाहीत. सगळ्यांनी एकच सांगायचं."

"आणि तिला?"

"तिला आत्ता सांगितलं तर ती घाबरेल. घाबरलेला माणूस नाक्यावर पटकन ओळखू येतो," हे म्हणाले. "माहीत नसणंच तिच्या हिताचं आहे."

हे सगळं आमचे हे बोलत होते. बाळंतपणात ज्या बाईने माझ्या पोरीला पहिली अंघोळ घातली तिच्याबद्दल बोलत होते. मला त्या क्षणी त्यांची इतकी लाज वाटली की मी अबाया चढवला आणि ट्रेसकट जिना उतरले. ट्रे खाली रखवालदाराकडे दिला.

जोहराच्या इमारतीखाली गाडीच्या टपावर गाद्या बांधणं चाललं होतं. मोहियुद्दीनभाई दोरी ओढत होते. मी सरळ वर गेले. जोहरा स्वयंपाकघरात डबे भरत होती.

"काय गो, धावत आलीस ती? बस. पाणी पी."

"जोहरा, मी दिलेलं ते खोकं कुठे ठेवलंयस? गाडीत गेलं का?"

"कुठलं? केकचं? तें संपलं गो कधीच." ती हसली. "सांदणं केली मी त्याची. इकडे आल्यापासून माझी सांदणं कधी फुगलीच नाय, दगड व्हायची नुसती. त्या पाकिटातलं खमीर घातलं न् काय सांगू तुला, अशी वर आली, अशी वर आली! तो डब्यातला पाक काकवीसारखा होता, तोच गुळाच्या जागी घातला. रंग जरा काळपट आला, पण पोरं तुटून पडली. वासाची पूड होती ती मोरीत टाकली. केकात मोरीची पूड कशाला घालतात गो तें इंग्रज?"

"आणि... पाल्याची पुरचुंडी?"

"ती कडू जहर! काढा करून ह्यांना दिला खोकल्यावर. परवा सायरन वाजला तरी उठले नाय. आम्ही सगळी त्या बंद खोलीत, हे बिछान्यात घोरतायत."

मला हसू येत होतं आणि रडूही. मी मटकन स्टुलावर बसले. गाडीत काही नव्हतं. तपासनाक्यावर त्यांना कोणी अडवणार नव्हतं. मला तिथून गुपचूप परत येता आलं असतं, आणि आमच्या मंडळाने तेच केलं असतं. पण मला ते जमेना.

"जोहरा, ते केकचं नव्हतं. बिअर करायचं साहित्य होतं. ह्यांच्या साहेबाचं. मला आज कळलं."

तिचा हात डब्यावर थांबला. खालून मोहियुद्दीनभाईंनी हाक मारली, "यल्ला, जोहरा!"

"तुला आधी ठाऊक नव्हतं?"

"अवनीची शपथ, नव्हतं."

"त्याची दारू नाय ना झाली माझ्या घरात? सांदणंच झाली. मग झालं." तिने डब्याचं झाकण लावलं. "पण आमच्या ह्यांना कळलं असतं नाक्यावर, तर मेले असते गो लाजेनं. मारायची गरजच पडली नसती." मग माझ्याकडे न बघता तिने ह्यांच्याबद्दल विचारलं, "चंद्रशेखरभाईंना सकाळपास्नं ठाऊक हाय ना? मग तें का नाय आले सांगायला?"

"मीटिंग चाललीय," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

तिने मान हलवली. सांदणांचा एक डबा माझ्या हातात ठेवला, मला जवळ घेतलं आणि पुन्हा कामाला लागली.

घरी आले तर बैठक अजून चालूच. मी डबा मधोमध ठेवला. सगळ्यांनी आधी दचकून माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. उन्मेषरावांनी एक सांदण उचलून तोंडात टाकलं. "वा! काय जाळी पडलीय!" बाकीच्यांचेही हात पुढे आले.

"जोहराने केलीत," मी म्हणाले. "तुमच्या खोक्यातलं सगळं वापरलं तिने. गाडीत काही नाही."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणी म्हणालं, बरं झालं. कोणी म्हणालं, आम्हाला वाटलंच होतं. हे माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "पद्मिनी, तिच्याकडे यीस्ट थोडं उरलं असेल का गं? मी पाक उकळता असतानाच टाकलं. आपल्या बादलीला फेसच येत नाही."

खायचं थांबवून सगळे कान देऊन ऐकत होते. उत्तराची वाट बघत होते.

मी खिडकीवरच्या प्लास्टिकच्या एका कोपऱ्याची टेप सोलली आणि खाली बघितलं. "गाडी अजून उभी आहे," मी म्हणाले. "मोहियुद्दीनभाई खालीच आहेत. जोहराला सगळं सांगितलंय मी. जा, विचारून या."

हे जागचे हलले नाहीत. उन्मेषराव गालिच्याकडे बघायला लागले. खाली दारं लागल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू झाल्याचा, मग तोही ऐकू येईनासा झाला. कोणी उठलं नाही. सांदणं मात्र त्यांनी सगळी संपवली.