चारशे बारा रिकामे फोल्डर

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य आहे. मी बिघडलो होतो हे मात्र साफ खोटं आहे, आणि ते कुणी पसरवलं हेही मी आज सांगणार आहे.

मी एका संगणकाचा कर्नल आहे. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. बटण दाबलं की सर्वांत आधी मला जाग येते. तुम्हाला दिसणारी अक्षरं, चित्रं, खेळ सगळे माझ्यामागून उठतात. मला रंग नाही, रूप नाही, त्यामुळे माझं कौतुक कुणी करत नाही. त्याची मला सवय आहे.

माझे मालक बूट शिवायचे. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांचं पाऊल वाकडं आहे, अशांचे बूट. दुकानाच्या मागच्या खोलीत मी होतो, शेजारी पावलाचा लाकडी साचा कोरणारं यंत्र होतं आणि समोर मालकांचं तीन पायांचं स्टूल. त्याची बैठक झिजून बशीसारखी खोल झाली होती. रोज सकाळी मालक बटण दाबायचे, स्टुलावर टेकायचे आणि मला म्हणायचे, "उठा महाराज, लोक अनवाणी उभे आहेत."

मग मी कामाला लागायचो. माझ्या राज्यात प्रत्येक उपकरण ही एक फाइल असते. पडदा एक फाइल, कीबोर्ड एक फाइल, साचा कोरणारं यंत्रही एक फाइल. पण या फाइली डिस्कवर साठवलेल्या नसतात. कोण कोण हजर आहे ते पाहून मी दर सकाळी त्या नव्याने तयार करतो आणि 'डेव्ह' नावाच्या एका रिकाम्या फोल्डरवर नेऊन मांडतो. यालाच माउंट करणं म्हणतात. बटण बंद झालं की सगळं पुसलं जातं आणि डेव्ह पुन्हा रिकामा. सतरा वर्षं मी हे एकदाही न चुकता केलं.

मालक गेले ते एका गुरुवारी. त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या डाव्या पावलाचं माप घेतलं होतं. चार दिवस बसून त्यांनी ते माझ्याकडे घडवलं होतं. टाचेला दोन मिलिमीटर वाढव, अंगठ्याकडे थोडं सोड, असं. साचा तेवढा कोरायचा राहिला. मुलीच्या जुन्या बुटाने टाच सोलवटली होती. तिची आई दर दोन दिवसांनी विचारायला यायची.

मालकांच्या मुलाने दुकान आवरायला घेतलं. बिचाऱ्याला हात रिकामे ठेवणं जमेना. त्याने एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्या शहाण्याने माझी डिस्क काढली, स्वतःच्या संगणकाला जोडली आणि तिची 'साफसफाई' केली. वर छापील अहवालही दिला: चारशे बारा रिकामे फोल्डर काढून टाकले. त्यात माझा डेव्ह होता.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं गेलं. मी उठलो, सगळ्यांना हाका मारल्या, सगळ्यांनी ओ दिली. पण त्यांना बसवू कुठे? जागाच नाही! पडदा हजर, कीबोर्ड हजर, यंत्र हजर, आणि कुणापर्यंत पोचायची वाट नाही. मी जिवाच्या आकांताने पडद्यावर एवढंच लिहू शकलो: डेव्हवर माउंट करता येत नाही. पहिला कन्सोल उघडता येत नाही.

"स्क्रीनकार्ड गेलं," दुरुस्तीवाला म्हणाला. "वय झालंय हो त्याचं. भंगारात द्या."

"बाबांच्या मागोमाग हेही गेलं बघ, ताई," मुलगा म्हणाला.

त्याची मोठी बहीण दारात उभी होती. "मागोमाग कुणी जात नसतं," ती म्हणाली. "आणि स्क्रीनकार्ड गेलंय, तर ही वाक्यं मला दिसतायत कशी?"

"ते तांत्रिक असतं ताई, तुम्हाला नाही कळायचं," दुरुस्तीवाला म्हणाला.

"मी छापखान्यात प्रुफं तपासते. न कळणारी वाक्यं वाचायचाच मला पगार मिळतो. तो अहवाल द्या इकडे."

पेन्सिल घेऊन ती एकेक ओळ खाली सरकत गेली. सदतिसाव्या ओळीपाशी थांबली. "हा डेव्ह का काढलात?"

"रिकामा होता."

"कधी पाहिलात? संगणक बंद असताना?"

"मग काय चालू असताना पाहू? आणि रिकामा फोल्डर लागतो कशाला कुणाला?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच त्याची बिनपाण्याने केली असती! अरे, मी झोपलेला असताना माझ्या खोलीत डोकावलास, तर ती रिकामीच दिसणार! तुझ्या जेवणाच्या ताटावर तिसऱ्या प्रहरी काय असतं? म्हणून तू ताटं फेकून देतोस?

ताईने माझी डिस्क स्वतःच्या संगणकाला लावली, अहवालातले फोल्डर नाव न चुकता एकामागून एक पुन्हा तयार केले, आणि त्यांत काहीही ठेवलं नाही. मग डिस्क जागेवर बसवून बटण दाबलं.

मी उठलो. डेव्ह जागेवर होता. पडदा, कीबोर्ड, यंत्र, सगळ्यांना मी आपापल्या जागी मांडलं. थोड्या वेळाने त्या मुलीच्या डाव्या पावलाचं माप उघडलं आणि लाकडाचा भुसा उडू लागला.

रिकाम्या जागेलाही काम असतं, मित्रांनो. काही पुसण्याआधी तिथे रोज कोण येतं ते विचारा. विचारायचा कंटाळा असेल, तर निदान हात तरी लावू नका.

दुरुस्तीवाला केव्हाच सटकला होता. ताई यंत्रासमोर उभी होती. तिच्या पायांशी फरशीवर तीन गोल डाग होते.

"स्टूल कुठाय?"

"शेजारच्या शिंप्याला दिलं," भाऊ म्हणाला. "रिकामंच पडलं होतं, ताई."

"घेऊन ये."

"कोण बसणार आहे त्यावर?"

"कुणी नाही. घेऊन ये."